झिंगा, झुरळ आणि गादीतली धूळ

वाशिमपासून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. इथल्या पैनगंगा, अडाण, अरुणावती पूर्वेकडे गोदावरीच्या खोऱ्यात जातात. काटेपूर्णा तेवढी उत्तरेला वळून पूर्णेमार्फत तापीला मिळते. तरीही आठवडी बाजारात सुक्या झिंग्यांची पोती उघडी मांडलेली असतात. धरणाच्या पाण्यात भोयांनी जाळं टाकलं की मासोळीसोबत गोड्या पाण्यातला झिंगाही येतो आणि पावसाळा लागला की नाल्याकाठचे खेकडे घरोघरच्या रश्शात पडतात. याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे, कारंज्याला जैनांची जुनी मंदिरं आहेत, चातुर्मासात कांदा-लसूणही न शिवणारी घरं आहेत. झिंगे खाणाऱ्या घरात कुणाच्या अंगावर गांधी उठल्या तर कारण लगेच सापडतं. त्याला झिंगे सोसत नाहीत, असं ठरतं, अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं जातं आणि पुढच्या वेळी त्याच्या ताटात वेगळी भाजी येते. न खाणाऱ्या घरात हा विषयच निघत नाही.

तो निघायला हवा. ज्यानं जन्मात झिंगा तोंडात घातला नाही, त्याच्याही रक्तात झिंग्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडू शकतात. हे कसं, याचं उत्तर मिळायला विसावं शतक जवळपास सगळं खर्ची पडलं. त्या उत्तरातला निर्णायक भाग भारतात, बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सिद्ध झाला आणि त्या प्रयोगशाळेच्या आधीच्या कामाचा धागा पुण्याच्या उकिरड्यांपर्यंत जातो. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात समुद्रावरच झाली, आणि तीही पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांपासून. १९०१च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या 'प्रिन्सेस ॲलिस' या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रात तरंगणाऱ्या, डंख मारणाऱ्या 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' नावाच्या जिवाचं विष तपासत होते. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पाचं विष घेतलं. थोडं थोडं विष टोचून कुत्र्यांना त्याची सवय लावायची, असा बेत होता. झालं उलटंच. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या मात्रेतून सहज सावरला; तीनेक आठवड्यांनी पुन्हा तेवढीच मात्रा दिली तेव्हा काही मिनिटांत त्याचा श्वास कोंडला आणि तो मेला. शरीरानं त्या पदार्थाची ओळख ठेवली होती आणि त्या ओळखीनंच त्याचा घात केला. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए यांनी या प्रकाराला ॲनाफायलॅक्सिस हे नाव दिलं. १९१३ साली रिशेला नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द घडवला. ज्या १९०१ साली ते जहाज समुद्रात होतं, त्याच सुमारास जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनालिन शुद्ध स्वरूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. दुखणं आणि त्याचं औषध इतक्या जवळजवळ सापडल्याची उदाहरणं वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत.

पुढचा टप्पा ब्रेस्लाऊ शहरातला, १९२१ सालचा. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला मासे सोसत नसत. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्झ मासे मजेत खाई. क्युस्टनरच्या रक्तद्रव्याचा थेंब प्राउसनिट्झनं स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे वावडं पोटात नव्हतं, माशातही नव्हतं; ते रक्तात होतं आणि एका माणसातून दुसऱ्यात नेता येत होतं. रक्तातला तो पदार्थ नेमका कोणता, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं एका नव्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा छडा लावला. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच वेगळ्या वाटेनं तिथेच पोचले. १९६८ साली त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई, हे नाव मिळालं.

कातडी, नाक, आतडं यांच्या अस्तरात मास्ट पेशी बसलेल्या असतात. आयजीई त्यांच्यावर चिकटून वाट पाहत राहतं. ओळखीचा पदार्थ आला, दोन शेजारच्या आयजीईंनी तो एकाच वेळी पकडला, की पेशी फुटल्यासारखी आतलं हिस्टामिन बाहेर टाकते. मग खाज, सूज, शिंका, उलटी, आणि वाईट प्रसंगी घसा आवळणं, रक्तदाब कोसळणं. आमसुलाच्या पाण्यानं अंगावरची खाज कमी होत असेल. घसा आवळू लागला, आवाज बसला, चक्कर आली तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवायचं नसतं. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं आणि ते मांडीच्या स्नायूत, लवकर द्यावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. ती ॲलर्जीची नाही, स्नायूंची आहे, आणि या दोन गोष्टींची गाठ पडायला सत्तेचाळीस वर्षं जावी लागली. १९४६ साली केंब्रिजच्या केनेथ बेली यांनी सशाच्या स्नायूतून एक नवं प्रथिन वेगळं केलं. अल्कोहोल आणि ईथर यांनी सुकवलेल्या स्नायूतूनही ते शाबूत निघालं. इतर प्रथिनं जिथे थिजून निकामी होतात तिथे हे टिकत होतं. बेलींनी त्याला ट्रोपोमायोसिन म्हटलं. त्याची घडण पुढे स्पष्ट झाली: २८४ अमिनो आम्लांची एक लांब साखळी, अशा दोन साखळ्या सुतळीच्या दोन पदरांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या. स्नायूतल्या ॲक्टिनच्या धाग्यावर हा पीळ लांबीनं पडून असतो आणि कॅल्शियमचा इशारा मिळाला की बाजूला सरकून स्नायूला आकसू देतो. माशीच्या पंखापासून माणसाच्या हृदयापर्यंत हे काम असंच चालतं. उकळलं तर पीळ सुटतो, थंड झालं की पुष्कळसा पुन्हा बसतो. एवढ्या एका गुणामुळे हे प्रथिन स्वयंपाकघरातून अन्ननलिकेपर्यंत सुखरूप जातं. पण १९४६ साली हे सारं स्नायूंच्या अभ्यासकांपुरतं होतं. झिंगा खाऊन कुणाच्या अंगावर पित्त उठतं, याच्याशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

त्याच सुमारास पुण्यात एक परकं रोपटं मूळ धरत होतं. १९५६ साली आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पार्थेनियम ही वनस्पती भारतासाठी नवी म्हणून नोंदवली. ती त्यांना पुण्यात उकिरड्यांवर दिसली होती. अमेरिकी गव्हाबरोबर तिचं बी आलं असं आजही सगळीकडे सांगितलं जातं. काँग्रेस गवत, गाजर गवत, चटक चांदणी अशी नावं घेत ती महाराष्ट्रभर पसरली. वाशिमच्या धुऱ्यावर, शाळेच्या कुंपणाशी, एसटी स्टँडच्या मागे आज ती नाही असं ठिकाण दाखवणं अवघड आहे. साठीच्या दशकात पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांच्याकडे चेहरा, मान आणि हात सुजून काळे पडलेले रुग्ण येऊ लागले. बहुतेक उन्हात, मातीत काम करणारी माणसं. लोणकरांनी हे गवत त्याला जबाबदार असल्याचं जगापुढे मांडलं आणि १९७४ साली कॅनडाच्या मिचेल आणि लंडनच्या कॅलनन यांच्यासोबत त्यावर सविस्तर लिहिलं. पार्थेनिन नावाचं रसायन कातडीला भोवत होतं.

कातडीचा हा विकार आयजीईचा नव्हे, तो वेगळ्या वाटेनं जातो. पण या गवताचे परागकण नाकात गेले तर काय, हा प्रश्न उरलाच होता. तो हाती घेतला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटानं. सत्तरीच्या दशकापासून त्यांनी गावातल्या डॉक्टरांसोबत रुग्ण पाहिले, रक्तद्रव्यं गोळा केली, परागकणांतली प्रथिनं वेगळी केली. पार्थेनियममुळे वाहणारं नाक ही आयजीईची करणी आहे हे त्यांनी दाखवलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागली: पार्थेनियमला चिडणारं आयजीई अमेरिकेतल्या रॅगवीड या त्याच्या नातेवाइकालाही चिडतं, त्या रोपाशी माणसाची गाठ पडलेली असो वा नसो. प्रतिपिंड अख्खी वनस्पती ओळखत नाही, तिच्या प्रथिनावरचा एखादा छोटा तुकडा ओळखतं. तो तुकडा दुसऱ्या कशावर दिसला तर तिथेही ते झडप घालतं. याला आंतरप्रतिक्रिया म्हणतात. या संपूर्ण लेखाचा कणा तोच आहे.

ऐंशीच्या दशकात या गटानं झिंगा हाती घेतला. अमेरिकेत १९८१ साली डोनाल्ड हॉफमन यांनी झिंग्यातून दोन प्रतिजनं, म्हणजे प्रतिपिंडं ज्यांना धरतात ते पदार्थ, वेगळी केली होती आणि त्यातलं एक उष्णतेला दाद देत नाही असं नोंदवलं होतं. ते आहे तरी काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच होता. बंगळुरूकरांनी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळणारी पीनियस इंडिकस ही पांढरी कोळंबी निवडली. वऱ्हाडात ज्याला आपण झिंगा म्हणतो तोच. आणि त्यांनी ती आधी उकळली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रयोगशाळेत कच्च्या मांसाचा अर्क काढणं सोयीचं असतं, पण कच्चा झिंगा खातो कोण? माणसं आजारी पडतात ती शिजवलेल्या झिंग्यानं. जे उकळूनही टिकतं तेच शोधायचं, असं त्यांनी ठरवलं.

१९८७ साली नागपाल, मेटकाफ आणि सुब्बा राव यांनी झिंग्यातलं एक प्रतिजन चक्क ट्रान्सफर आरएनए असल्याचं प्रसिद्ध केलं. प्रथिन नसलेल्या रेणूनं आयजीईला पकडावं हे नवल होतं, पण पुढे मुख्य प्रवाह तिकडे गेला नाही. डीन मेटकाफ हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे. त्यांचं सहकार्य या गटाला अखेरपर्यंत राहिलं. १९८९ साली नागपाल, राजप्पा, मेटकाफ आणि सुब्बा राव यांनी उकळलेल्या कोळंबीतून उष्णतेला टिकणारी दोन प्रतिजनं शुद्ध केली. मोठ्याचं वजन ३४ किलोडाल्टन, लहानाचं आठच्या थोडं वर. दोघांनाही रुग्णांचं आयजीई धरत होतं आणि लहानावरचे ओळखीचे तुकडे मोठ्यावरही होते. मोठ्याला त्यांनी एसए-२ असं नाव दिलं. ते आता शुद्ध होतं, मोजता येत होतं, पण निनावी होतं.

नाव मिळालं १९९३ साली. के. एन. शांती, ब्रायन मार्टिन, नागपाल, मेटकाफ आणि सुब्बा राव यांनी एसए-२ ट्रिप्सिननं कापलं. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातलंच पाचक विकर, ठरावीक जागी प्रथिन तोडणारं. तुकडे एकेक करून वेगळे केले, कोणत्या तुकड्याला रुग्णाचं आयजीई चिकटतं ते पाहिलं आणि त्या तुकड्यांतल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचला. मग तो क्रम माहितीत असलेल्या प्रथिनांच्या क्रमांशी ताडून पाहिला. तो जुळला ट्रोपोमायोसिनशी. ४७ वर्षांपूर्वी सशाच्या मांडीतून निघालेलं स्नायूचं प्रथिन आणि झिंग्याचं वावडं उभं करणारं प्रथिन एकाच घराण्यातलं निघालं. आयजीई धरणारे तुकडे दोन होते: साखळीवर ५० ते ६६ आणि १५३ ते १६१ या जागांवरचे.

या शोधनिबंधात एक पाऊल पुढचंही होतं. शांती आणि सहकाऱ्यांनी झिंग्याच्या रुग्णांचं ट्रोपोमायोसिनविरुद्धचं आयजीई वेगळं काढलं आणि ते इतर प्राण्यांच्या ट्रोपोमायोसिनवर सोडून पाहिलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचं ट्रोपोमायोसिन त्यानं ओळखलंच नाही. ओळखलं ते फक्त एकाचं: ड्रॉसोफिलाचं, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीचं. १५३ ते १६१ या जागांवर कणाधारी प्राण्यांत अमिनो आम्लं बदललेली होती, तेव्हा कारणही तिथेच दिसलं. कोंबडी, बकरा, गाय, माणूस यांचं ट्रोपोमायोसिन आपल्या शरीराला आपलंच वाटतं. झिंग्याचं आणि आपलं मिळतंजुळतं असलं तरी साम्य ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात. झिंगा, झुरळ आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म माइट यांचं आपसातलं साम्य मात्र ८० टक्क्यांच्या आसपास. रेषा समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये नव्हती, शाकाहार आणि मांसाहार यांच्यामध्येही नव्हती. ती कणा असलेले आणि नसलेले यांच्यामध्ये होती. मासे या रेषेच्या आपल्या बाजूला येतात. म्हणूनच माशांचं वावडं ही निराळी कथा आहे. तिथलं गुन्हेगार प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, जे नॉर्वेत कॉड माशात सापडलं. ज्याला झिंगा चालत नाही त्यानं रोहू-कटला बंद करण्याचं या प्रथिनापुरतं तरी कारण नाही. उलट पैनगंगेतला झिंगा गोड्या पाण्यातला म्हणून चालेल, असं समजणं धोक्याचं आहे. त्याच्याही स्नायूत ट्रोपोमायोसिनच आहे.

१९९४ या एका वर्षात तीन ठिकाणांहून दुजोरा आला. लेउंग आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या जातीच्या झिंग्यातल्या ट्रोपोमायोसिनचं जनुकच वेगळं केलं. न्यू ऑर्लीन्सच्या डॉल, लेहरर आणि मंडळींनी तपकिरी झिंग्यात तेच प्रथिन दाखवलं. आणि नेदरलँड्समधून विटेमन यांच्या गटानं लिहिलं की झिंगा, धुळीतले माइट आणि कीटक यांच्यात एक सामाईक प्रतिजन आहे, बहुधा ट्रोपोमायोसिन.

नेदरलँड्सचं नाव इथे यावं हे साहजिक होतं. घरातल्या धुळीनं दमा का उठतो, या जुन्या कोड्याचा उलगडा त्याच देशात, लायडनला, १९६४ साली फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी केला होता. धूळ म्हणजे माती नव्हे. गादी-उशीत माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे माइट हे तिचं खरं मर्म. या माइटच्या मोठ्या प्रतिजनांची पुष्कळ चर्चा होते, पण त्याच्याही स्नायूत ट्रोपोमायोसिन आहेच. १९९६ साली रॉनल्ड फान रे यांनी आणखी काळजीची गोष्ट नोंदवली. माइटच्या ॲलर्जीवर उपचार म्हणून माइटचा अर्क थोडा थोडा टोचून घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात गोगलगायीविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली होती. एकाची सवय लावताना दुसऱ्याशी वैर वाढू शकतं. रिशेचा कुत्रा आठवावा असंच हे.

मग २००३ साली इस्राएलमधून तो पुरावा आला, ज्यामुळे मला शिरपूर आणि कारंजा आठवले. सनातनी ज्यू धर्मनियमानं झिंगा, खेकडा, शिंपले खात नाहीत. घरात आणतही नाहीत. फर्नांडिस, रेशेफ, लेहरर आणि सहकाऱ्यांनी अशाच, धुळीची ॲलर्जी असलेल्या ज्यूंचं रक्तद्रव्य तपासलं. झिंगा कधीच न खाल्लेल्या या माणसांकडे झिंग्याच्या ट्रोपोमायोसिनला चिकटणारं आयजीई होतं. रक्तद्रव्यात आधी माइटचा किंवा झुरळाचा अर्क मिसळला की ते चिकटणं कमी होई, म्हणजे ती प्रतिपिंडं मुळात माइट-झुरळांनीच घडवली होती. ताटानं पाळलेला नियम श्वासाला पाळता आलेला नव्हता.

वाशिमच्या घराकडे या नजरेनं पाहिलं तर बरंच काही दिसतं. कापसाची जाड गादी, जी पावसाळाभर दमट राहते. मोरीतून येणारं झुरळ. सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांनी भरलेली खोली, जिच्यात साठवणीचे माइट, सोंडे आणि पतंग वर्षभर नांदतात. बाजार समितीच्या आवारात पोती उचलणारा हमाल दिवसभर जी धूळ ओढतो, तिच्यात धान्याच्या भुशासोबत या सगळ्या जिवांची विष्ठा आणि मेलेली शरीरं असतात. हवेतून गेलेलं प्रथिनही पुरतं, हे कॅनडात दिसून आलेलं आहे: १९८४ साली कार्तिए आणि मालो यांनी खेकडे उकळून डबाबंद करणाऱ्या कामगारांमध्ये वाफेमुळे जडलेला दमा नोंदवला. त्यांनी खेकडा खाल्ला होता की नाही, याला तिथे महत्त्व नव्हतं.

जंतांचाही भाग आहे. आतड्यातल्या गोल जंतांत, ॲस्कारिसमध्ये, ट्रोपोमायोसिन असतं आणि ते माइटच्या प्रथिनाशी जवळून जुळतं. कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या काराबायो यांच्या गटानं यावर चांगलं काम केलंय. आयजीईचं मूळ काम जंतांशी लढण्याचं असावं, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. तसं असेल तर झिंग्याच्या घासावर शरीर इतकं का चवताळतं ते थोडं समजतं. त्याच्या लेखी तो घास नसतो, आत घुसलेला बिनकण्याचा जीव असतो. आपल्याकडे अंगणवाडी आणि शाळांमधून पोरांना जंतनाशक गोळी दिली जाते, म्हणजे या प्रथिनाशी आपल्या मुलांची ओळख पडण्याचा हाही एक मार्ग आहेच.

पण इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिच्या गैरसमजातून रोज नुकसान होतं. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे आजार नव्हे. त्या इस्राएली माणसांना झिंगा खाल्ल्यावर काही झालंच असतं, असं कुणी म्हणू शकत नाही. कर्नाटकात ११ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून पी. ए. महेश आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. रक्ततपासणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई असलेले २६.५ टक्के निघाले. लक्षणं आणि तपासणी दोन्ही जुळून अन्नाची ॲलर्जी असण्याची खरी शक्यता असलेले जेमतेम १.२ टक्के. शहरातल्या प्रयोगशाळा हल्ली शंभर-दोनशे पदार्थांची एकगठ्ठा तपासणी विकतात आणि कागदावर लाल अक्षरात आलेली लांबलचक यादी घेऊन माणूस गावी परततो. मग पोराचं दूध बंद, डाळ बंद, शेंगदाणे बंद. त्या यादीत झिंगा येतो तो बऱ्याचदा गादीतल्या माइटमुळे. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, पुन्हा खाल्लं तेव्हाही झालं का, हे शांतपणे विचारणारा डॉक्टर त्या यादीपेक्षा कितीतरी मोलाचा.

दुसरा गैरसमज दवाखान्यातलाच. सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून आयोडिनयुक्त द्रव्य देतात. झिंग्यात आयोडिन असतं, म्हणून झिंगा न चालणाऱ्याला ते द्रव्यही चालणार नाही, असा समज सत्तरीच्या दशकापासून जगभर रुजलाय आणि आपल्याकडेही तो ऐकू येतो. झिंग्याचं वावडं आयोडिनमुळे नसतं. ते ट्रोपोमायोसिनसारख्या प्रथिनांमुळे असतं, आणि त्या द्रव्यात हे प्रथिन नसतंच. त्या समजापायी गरजेची तपासणी टाळली जाते, हे मला अक्षम्य वाटतं.

ट्रोपोमायोसिन एकटंही नाही. २००१ साली व्हिएन्नात बिंडर आणि सहकाऱ्यांनी पिठा-धान्यात होणाऱ्या प्लोडिया या पतंगातून आर्जिनिन कायनेज हे प्रतिजन ओळखलं. पिठाचा डबा उघडल्यावर जाळ्या लागलेल्या दिसतात, त्या करणारा हाच पतंग. दोन वर्षांनी तैवानमध्ये हेच विकर टायगर झिंग्यात सापडलं. बिनकण्याचे प्राणी स्नायूसाठी ऊर्जा साठवायला आर्जिनिन वापरतात, आपण क्रिएटिन. म्हणून हे विकर आपल्या शरीराला पूर्ण परकं. रेशमाच्या किड्यातही ते निघालं. चीनमध्ये रेशमाचे कोशित तळून खातात आणि त्यातून गंभीर प्रतिक्रिया उमटल्याच्या नोंदी आहेत. वाशिम जिल्ह्यात तुती लावून कोश घेणारे शेतकरी आहेत. ते कोशित खात नाहीत, पण किड्यांच्या खोलीत शिंका आणि खोकला सुरू होत असेल तर त्यांनी तो धुळीवर ढकलून न देता डॉक्टरांना किड्यांच्या कामाबद्दल आवर्जून सांगावं.

कीटक खाणं म्हणजे दूरदेशीची गोष्ट, असंही नाही. गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात. युरोपात मात्र ही नवी गोष्ट, म्हणून तिथे कायद्याला तिचा विचार करावा लागला. २०२१ साली युरोपीय संघानं पिवळ्या मीलवर्मच्या वाळवलेल्या अळ्या अन्न म्हणून विकायला परवानगी दिली, आणि सोबत अट घातली: पाकिटावर छापायचं की झिंगे-खेकड्यांच्या वर्गातले प्राणी किंवा घरातल्या धुळीतले माइट यांची ॲलर्जी असलेल्यांना या पदार्थानं त्रास होऊ शकतो. अन्नाच्या पाकिटावर धुळीतल्या माइटचं नाव. १९९३ साली झिंग्याच्या रुग्णांचं आयजीई बंगळुरूच्या मंडळींनी फळमाशीवर सोडून पाहिलं नसतं, तर त्या यादीतली ही नावं एकत्र का आली ते कळायला आणखी वेळ लागला असता.

भारतात २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार बंद पाकिटावर ॲलर्जीकारक घटकांची नोंद सक्तीची आहे. त्या यादीत झिंगे-खेकड्यांचा वर्ग आहे, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आहेत, आणि वाशिमच्या शेतकऱ्याचं हुकमी पीक सोयाबीनही आहे. आठवडी बाजारातल्या उघड्या पोत्याला लेबल नसतं. तिथे घेणाऱ्यानं विचारायचं आणि विकणारीनं सांगायचं, एवढीच सोय आहे.